गणकयंत्राची चावडी

सातबाऱ्याचा उतारा ठाऊक नाही असा शेतकरी खानदेशात शोधूनही सापडायचा नाही. चोपड्याची केळीची वाडी असो, शिरपूरकडचे कापसाचे रान असो, की साक्रीच्या डोंगराकडची एखादी नागलीची पट्टी असो, जमिनीचे काम निघाले की माणूस तलाठ्याकडे जातो. तिथे जी रीत चालते तिच्यातली गंमत आपल्या ध्यानात क्वचितच येते. जमीन माझी, नाव माझे, पीक माझे. पण दप्तरात एक अक्षर बदलायचे म्हटले तर माझी लेखणी तिथे चालत नाही. मी वर्दी द्यायची, तलाठ्याने पोच द्यायची, फेरफाराची नोंद गाव नमुना सहामध्ये धरायची, चावडीवर नोटीस लावायची, हरकतीसाठी पंधरा दिवस जाऊ द्यायचे, आणि नोंद प्रमाणित झाली म्हणजे मग ती सातबाऱ्यावर चढायची. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने ही वाट घालून दिलेली आहे. उतारा मात्र खुशाल घेऊन जावा. घरी नेऊन त्याच्यावर पेन्सिलीने हवे ते खरडावे. मूळ दप्तर त्याने जागचे हलत नाही.

ही रीत मनात धरून ठेवा. आज ज्या गोष्टीचा इतिहास सांगावयाचा आहे ती गणकयंत्राच्या पोटातली आहे. पण तिथेही एक चावडी आहे, एक दप्तर आहे, आणि दप्तराशी बोलण्याच्या रीती आहेत. त्या रीती एका दिवसात ठरल्या नाहीत. त्यांना पंचवीस-तीस वर्षे लागली, आणि त्यांतल्या काही चुकीच्या होत्या.

प्रथम दोन भाषा समजून घेऊ. गणकयंत्राला आपण दोन पातळ्यांवर काम सांगतो. एक भाषा हुकमाची: अमुक काम चालव, ते झाले तर तमुक चालव, बिघडले तर थांब, ही फाईल तिथे ने. या भाषेला हुकूमभाषा म्हणू. ती वाचणारा जो कारभारी यंत्रात बसलेला असतो, तो आपला तलाठी. त्याच्यापाशी एक वही असते आणि त्या वहीत नावे व त्यांच्यासमोर किमती असतात. गुरुजी, तुम्ही बीजगणितात 'क्ष' शिकवता ना? क्ष म्हणजे आज पाच, उद्या सात. तसेच हे. 'तारीख' या नावापुढे आजची तारीख, 'गाडी' या नावापुढे गाडीचा क्रमांक. नाव कायम, किंमत बदलती. यांना चल म्हणतात.

दुसरी भाषा अगदी यंत्राच्या हाडांजवळची. तिला असेंब्लर म्हणतात. तिच्यात 'तारीख' नाही की 'गाडी' नाही. तिच्यात खण आहेत, आणि खणांना क्रमांक आहेत. या खणातला आकडा उचल, त्या खणातल्यात मिळव, बेरीज तिसऱ्या खणात ठेव, बस, एवढेच. वेग मोठा, जागा थोडी लागते, पण माणसाचे डोके शिणते.

आता अडचण कुठे येते ती पाहा. तलाठी नावांनी बोलतो. असेंब्लरमधला कार्यक्रम खणांच्या क्रमांकांनी बोलतो. तलाठ्याच्या वहीत 'गाडी' म्हणून जे लिहिले आहे ते या दुसऱ्याला वाचायचे असेल तर कसे वाचायचे? आणि काम संपताना उत्तर त्या वहीत टाकायचे असेल तर कुणाच्या लेखणीने?

आपल्या मुलखात पहिली काही वर्षे हा प्रश्नच नव्हता, कारण तलाठीच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या पुढाकाराने एक गणकयंत्र बांधले गेले. १९६० साली ते पूर्णपणे चालू झाले आणि १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. त्याच्या स्मरणात २,०४८ शब्द मावत, एकेक शब्द चाळीस अंकांचा, तोही केवळ शून्य आणि एक यांचा. आजच्या साध्या मोबाइलपुढे हे काहीच नाही. पण ते इथल्या माणसांनी इथे जुळवलेले यंत्र होते. अशा यंत्रावर एका वेळी एकाचे काम चाले. हुकूम देणारा समोर उभा असे, बटणे दाबी, दिवे पाही. ज्याचे शेत तोच तलाठी.

१९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकेतील कंट्रोल डेटा कंपनीचे ३६०० हे मोठे यंत्र आले आणि देशभरचे संशोधक त्याच्यावर कामे करवून घेऊ लागले. आता प्रत्येकाने समोर उभे राहून चालेना. कामांची रांग लागली. भोके पाडलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्यात पहिले काही पत्ते हुकमाचे असत: हे काम कुणाचे, कोणत्या भाषेतले, किती वेळ द्यावयाचा. यंत्रातला कारभारी ते पत्ते वाचून पुढचे ठरवी. त्याच दशकात आपल्या रेल्वेच्या क्षेत्रीय मुख्यालयांत आयबीएमची १४०१ यंत्रे आली. पगार, मालवाहतुकीचे हिशेब, भांडाराच्या याद्या त्यांच्यावर होऊ लागल्या. भुसावळच्या यार्डात वाघिणी जोडणाऱ्या माणसाच्या पगाराचा हिशेबही असाच पत्त्यांतून जाऊ लागला.

१४०१ वरची असेंब्लर भाषा ऑटोकोडर. तिच्यात आपल्या आजच्या कथेतला एक मोठा पात्रपरिचय होतो: मॅक्रो. हा शब्द भारी वाटतो. वस्तू रोजच्या ओळखीची आहे. छापील अर्ज तुम्ही पाहिलाच आहे. 'मी खाली सही करणार, राहणार .........., तालुका .........., याद्वारे विनंती करतो की' वगैरे. मजकूर एकदाच छापलेला. तुम्ही फक्त टिंबांवर भरायचे. मॅक्रो म्हणजे यंत्राच्या भाषेतला छापील अर्ज. कार्यक्रम लिहिणारा एक ओळ लिहितो, दोन-तीन जागा भरतो; असेंब्लर त्या ओळीच्या जागी आठ-दहा ओळींचा पुरा मजकूर उतरवून देतो. बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६० साली या कल्पनेचा पक्का पाया घालणारा लेख प्रसिद्ध केला. आपल्याकडच्या महाविद्यालयांत हा विषय मुलांना कळला त्यात मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांच्या पाठ्यपुस्तकाचा मोठा वाटा आहे. मुलांना मॅक्रोची धास्ती वाटते असे शिक्षक सांगतात. त्यांना तहसील कचेरीबाहेर बसलेला अर्जनवीस दाखवावा, धास्ती जाईल.

पण अर्ज छापला म्हणून चावडी उघडते असे नाही. १९६४ च्या एप्रिलमध्ये आयबीएमने ३६० ही यंत्रमाला जाहीर केली. तिच्या हुकूमभाषेची कडक शिस्त आजही जुन्या माणसांना आठवते. तिथे हुकमाच्या पत्त्यावरून कार्यक्रमाला निरोप धाडण्याची एक खिडकी होती, आणि तिच्यातून शंभर अक्षरांचाच निरोप जाई. शंभरावर एक अक्षर नाही. निरोप कुठल्या खणात आहे तो पत्ता कार्यक्रमाच्या हाती एका ठरलेल्या जागी दिला जाई. तिथे आधी लांबी, मग अक्षरे. परतीचा निरोप तर याहून आखूड: एक आकडा. शून्य म्हणजे काम ठीक. चार म्हणजे किरकोळ तक्रार. आठ, बारा, सोळा असे चढत गेले की दुखणे वाढले. त्या आकड्यावरून पुढचे काम करायचे की गाळायचे ते ठरे. आणि इथे एक उफराटी चाल होती. अट खरी ठरली तर काम व्हायचे, असे आपण म्हणू. तिथे अट खरी ठरली की काम गळायचे. कितीएक रात्रीचे हिशेब या उफराट्या अटीपायी अडून राहिले असतील, कुणी मोजले आहेत!

एकूण काय, जाताना शंभर अक्षरे, येताना एक आकडा. पोस्टकार्डावर संसार चालवण्यासारखे ते होते. तरी त्यात एक भलेपण होते हे मान्य केले पाहिजे. कार्यक्रम कितीही बिघडला तरी कारभाऱ्याच्या वहीला त्याचा हात लागत नव्हता.

तिकडे अमेरिकेत एमआयटीमध्ये एका यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी बसून काम करण्याची रीत निघाली होती. तिथे लुई पूझँ या फ्रेंच गृहस्थांनी १९६३-६४ च्या सुमारास हुकूमच लिहून ठेवून मागाहून एकदम चालवण्याची युक्ती केली. मग हुकमांत नावे आली, नावांत किमती आल्या, आणि हुकूमभाषा ही खरीखुरी भाषा होऊ लागली. आयबीएममध्ये 'एक्झेक' नावाची अशी भाषा १९६६ च्या सुमारास झाली, मग तिची दुसरी आवृत्ती, आणि १९७९ च्या मार्चमध्ये माइक काउलिशॉ या इंग्रज गृहस्थांनी 'रेक्स' लिहायला घेतली. १९८३ मध्ये ती गिऱ्हाइकांच्या हाती पडली. रेक्सचे दप्तर मोठे. त्यात कितीही नावे, कितीही लांब किमती. आता पोस्टकार्डाने भागेना.

तेव्हा त्यांनी काढलेली तोड फार सुबक आहे. असेंब्लरमधल्या कार्यक्रमाने एक अर्ज भरावयाचा. अर्जात नाव कुठे आहे, ते किती लांब आहे, किंमत कुठून घ्यावी किंवा कुठे ठेवावी, तिथे जागा किती आहे, आणि काम काय आहे एवढे रकाने. कामाच्या रकान्यात एकच अक्षर: आणण्याचे एक, ठेवण्याचे एक, खोडण्याचे एक, आणि 'पुढचे नाव कोणते ते सांग' असे विचारण्याचेही एक. शिवाय अर्जावर पुढच्या अर्जाचा पत्ता लिहिण्याची सोय होती. म्हणजे दहा अर्ज एकमेकांना सुतळीने बांधून एकाच खेपेत देता येत. प्रत्येक अर्जावर कारभारी आपला शेरा मारून परत देई: हे नाव वहीत नव्हतेच, जागा कमी होती म्हणून किंमत तोडून दिली, नावच अशुद्ध आहे, असला हुकूम मी ओळखत नाही. या अर्जाचे रकाने आखून देणारा मॅक्रो आयबीएमनेच पुरवला होता. कुठला रकाना कितव्या खणात, हे कुणी पाठ करण्याची गरज नव्हती. मोठ्या बँकांच्या यंत्रांवर रेक्स आजही चालते आणि तिथला अर्ज याच घडणीचा आहे.

दुसरी वाट युनिक्सवाल्यांनी धरली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ती नीट रूढ झाली. तिथे हुकूम घेणारा कारभारी स्वतः एक वेगळे बिऱ्हाड आणि त्याने चालवलेला कार्यक्रम दुसरे बिऱ्हाड. कार्यक्रम निघताना कारभारी आपल्या वहीतली बाहेर धाडायची पाने उतरवून त्याच्या हाती देतो. म्हणजे उतारा! तो वाचावा, त्यात खाडाखोड करावी, काम संपल्यावर टाकून द्यावा. मूळ वही जशीच्या तशी. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागद पाहायला गेलेला अभ्यासकही नक्कल करूनच घेतो. मूळ कागदावर शाईचा थेंब पडू देत नाहीत. नक्कल देण्याची ही रीत निर्धोक खरी. पण कार्यक्रमाला काही सांगायचे असेल तर नक्कल काय कामाची? त्याला उत्तर फाईलमध्ये लिहून ठेवावे लागते किंवा छापून दाखवावे लागते, आणि मग कारभारी ते वाचतो.

आता सगळ्यांत धोक्याची वाट. १९८१ साली आयबीएमचे घरगुती वापराचे छोटे यंत्र आले. त्यातही नकलेचीच रीत होती. पण मधे भिंत नव्हती. कुठलाही कार्यक्रम स्मरणाच्या कुठल्याही खणात लिहू शके. काही हिकमती लोकांनी कारभाऱ्याची मूळ वही कुठे पडली आहे ते हुडकले आणि सरळ तिच्यातच लिहायला सुरुवात केली. बहुधा चाले. पण वहीची जागा ठरीव. किंमत लांब झाली की अक्षरे पलीकडच्या खणांत सांडत. याला आपल्याकडे बांध कोरणे म्हणतात. दर नांगरटीला वीतभर. एक दिवस शेजारी भांडायला येतो तेव्हा कळते, तोवर नाही. यंत्रातला शेजारी भांडायलाही येत नाही. तो गप्प बसतो आणि पडदा गोठतो.

शिक्षकांना एक जुनी गोष्ट आठवत असेल. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांत गणकयंत्र नेण्यासाठी 'क्लास' नावाची योजना सुरू केली आणि पहिल्या फेरीत सुमारे २५० शाळांना एकॉर्न कंपनीची बीबीसी यंत्रे देण्यात आली. त्या यंत्रात बेसिक हीच हुकूमभाषा आणि असेंब्लर तिच्याच पोटात. चौकोनी कंसात यंत्रभाषा लिहायची, बाहेर बेसिक. तिथे चावडीला दारच नव्हते. बेसिकमधले ए, एक्स, वाय हे तीन पूर्णांकी चल यंत्रभाषेत शिरताना आपोआप यंत्राच्या त्याच नावांच्या तीन खणांत उतरत. आणखी चल द्यायचे तर बेसिक एक यादी करून देई: किती चल, प्रत्येक कुठे आहे, प्रत्येकाची जात कोणती. पत्ता हाती आला की मूळ नोंदीतच लिहा. मॅक्रो हवा तर बेसिकचे फलन लिहून त्याच्याकडून मजकूर उतरवून घ्यायचा. शिकायला याहून सोपे यंत्र पुन्हा झाले नाही, असे माझे मत आहे. मुलगा चुकला तर यंत्र बंद करून चालू करायचे. बुडणार काय, तर तासाभराचे काम.

पण जिथे दुसऱ्याचे काही बुडण्यासारखे आहे तिथे काय? आता जळगावच्या स्टेशनाकडे चला.

फार जुनी गोष्ट नव्हे. गाडीत झोपण्याची जागा हवी तर जाडजूड वह्या उघडत, हाताने नावे चढत. दुसऱ्या गावाहून पुढची जागा हवी असली तर तार करावी लागे आणि उत्तराची वाट पाहावी लागे. जळगावहून मुंबईला जाऊन पुढे मद्रासला जाणाऱ्याच्या जिवाला घोर असे. ही स्थिती बदलली तिची कथा एका निघून जाण्यापासून सुरू होते. परकीय चलन नियमनाच्या कायद्याखाली भागभांडवल कमी करण्याचा प्रश्न आला तेव्हा आयबीएमने १९७८ साली भारतातला आपला व्यवहार आटोपला. तिच्या यंत्रांची देखभाल कोण करणार? १९७५ साली स्थापन झालेल्या सीएमसी या सरकारी कंपनीने ते काम अंगावर घेतले. याच सीएमसीने पुढे रेल्वेसाठी आरक्षणाची 'इम्प्रेस' ही प्रणाली घडवली. १९८५ च्या नोव्हेंबरात ती दिल्लीत सुरू झाली. मग मुंबई, कलकत्ता, मद्रास, सिकंदराबाद. १९९९ च्या एप्रिलमध्ये ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली आणि कुठल्याही खिडकीवरून कुठलीही जागा मिळू लागली. धुळ्याहून चाळीसगावला येऊन मोठी गाडी पकडणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

ही प्रणाली ज्यांवर उभी राहिली ती यंत्रे डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स घराण्यातली. पहिले व्हॅक्स १९७७ च्या ऑक्टोबरात जाहीर झाले. त्याच्यावरच्या कारभाराचे नाव व्हीएमएस, आणि तिथल्या हुकूमभाषेचे डीसीएल. आमच्या विषयाची खरी चावडी ती ही.

व्हॅक्समध्ये अधिकाराच्या चार पायऱ्या होत्या, अगदी यंत्राच्या घडणीतच कोरलेल्या. सर्वांत आत गाभा, मग त्याचा कार्यवाह, मग देखरेख करणारा, आणि सर्वांत बाहेर सामान्य वापरणारा. डीसीएलचा कारभारी तिसऱ्या पायरीवर बसे. तुमचा-आमचा कार्यक्रम चौथ्या. दोघे एकाच वाड्यात राहत. युनिक्सप्रमाणे वेगळी बिऱ्हाडे नव्हती. पण कारभाऱ्याची वही त्याच्या खोलीत, आणि चौथ्या पायरीवरच्याला तिच्यात लिहिण्याची मुभा नाही. बळजबरी केली तर यंत्रच हात धरी आणि कार्यक्रम तिथल्या तिथे थांबवी.

वहीतले चल दोन जातींचे. बरोबरीचे चिन्ह एकदा टाकून लिहिले तर ती नोंद त्या हुकूमनाम्यापुरती. दोनदा टाकले तर सर्वत्र चालणारी. असेंब्लरच्या कार्यक्रमाला यातले काही हवे असेल तर व्यवस्थेने दोन दारे ठेवली होती: एक 'चल आण', दुसरे 'चल ठेव'. दारात उभे राहून ठरल्या पद्धतीने अर्ज द्यायचा. आतली यंत्रणा एक पायरी वर चढून कारभाऱ्याला हाक मारी. तो स्वतःच्या लेखणीने नोंद करी. मग उत्तर घेऊन ती खाली येई. हा फेरफारच झाला की! फोर्ट्रानमध्ये लिहा, पास्कलमध्ये लिहा, असेंब्लरमध्ये लिहा, वाट हीच.

असेंब्लरमध्ये मात्र अर्ज हाताने लिहावा लागे, आणि तिथे मॅक्रोची किंमत कळे. पाहा काय काय करायचे ते. नाव नुसते देऊन चालत नसे. त्याचे एक वर्णनपत्र लागे: आठ बाइटांचे, त्यात लांबी, जात, वर्ग आणि पत्ता. उत्तर ठेवायच्या जागेचे दुसरे वर्णनपत्र. मग दोन्हींचे पत्ते थप्पीवर ठेवायचे, तेही उलट्या क्रमाने. जो रकाना पहिला तो शेवटी ठेवायचा, कारण पोत्यात शेवटी भरलेले आधी हाताला लागते. मग 'मी दोन रकाने दिले आहेत' असे सांगून दार वाजवायचे. दोन ठेवून तीन सांगितले की झालेच: तिसरा म्हणून जुने काहीतरी उचलले जाई. परत आल्यावर शेरा पाहायचा. या सगळ्याचा एक मॅक्रो करून ठेवला की लिहिणाऱ्याने एवढेच लिहायचे: 'आण', नाव, कुठे. क्रम मॅक्रो सांभाळी, मोजणी मॅक्रो करी, शेरा मॅक्रो तपाशी. अनुभवी माणसाने एकदा नीट लिहिलेला मॅक्रो त्या कचेरीत वर्षानुवर्षे चाले आणि नवशिक्याच्या हातून होणाऱ्या चुका आपोआप टळत.

शेऱ्याची त्यांची रीत तर मला फार आवडते. आयबीएमकडे शून्य म्हणजे कुशल. व्हीएमएसमध्ये विषम आकडा म्हणजे यश आणि सम आकडा म्हणजे अपयश. शेवटचे तीन द्विमान अंक पाहिले की किती गंभीर ते कळे: शून्य म्हणजे इशारा, एक यश, दोन चूक, तीन नुसती माहिती, चार म्हणजे मोठा घात. आणि आकडा सम की विषम एवढेच पाहून वाट बदलण्याची खास आज्ञाच यंत्राला दिलेली होती. कार्यक्रम संपताना जो आकडा मागे ठेवी तो कारभारी आपण होऊन वहीत 'स्टेटस' या राखीव नावापुढे लिहून घेई. पुढचा हुकूम तो वाचून ठरवी. वर्गातल्या मुलांना सम-विषम शिकवताना हे उदाहरण देऊन पाहा.

दोन खोड्याही सांगितल्या पाहिजेत. 'चल आण' म्हटले की उत्तर नेहमी अक्षरांत येई. वहीत बेचाळीस हा आकडा असला तरी हाती 'चार' आणि 'दोन' ही अक्षरे पडत; त्यांचा आकडा करण्याचे काम ज्याचे त्याने करायचे. ते विसरला की बेरजा भलत्याच. आणि दुसरी खोडी याहून वाईट. काही कामे यंत्र आपोआप पाठीमागे चालवते, माणूस समोर नसतो. तिथे कारभारीच नेमलेला नसे. असा कार्यक्रम दारात अर्ज घेऊन उभा राही आणि शेरा येई: इथे कारभारी नाही. दिवसा हाताने चालवून नीट चाललेला कार्यक्रम रात्री स्वतंत्रपणे सोडला की पडे, त्याचे एक कारण हे. ज्याने मॅक्रोत शेरा तपासण्याची ओळ घातली होती त्याला ते पहिल्याच रात्री कळे. ज्याने घातली नव्हती, त्याचा कार्यक्रम रिकाम्या जागेतले जे असेल तेच खरे मानून पुढे जाई.

आता विचार करा. तुमची जागा, तुमचे भाडे, गाडीचा क्रमांक असली माहिती जिथे आहे अशा यंत्रावर एकाच वेळी शेकडो खिडक्यांची कामे चाललेली असतात. तिथे बांध कोरण्याची मुभा असती तर एका कार्यक्रमाच्या चुकीने दुसऱ्याची नोंद बिघडली असती, आणि रात्री दोनला भुसावळच्या फलाटावर एकाच बाकावर हक्क सांगणारी दोन कुटुंबे उभी राहिली असती. पायऱ्यांची ती शिस्त, ती दारे, तो अर्ज, हे कागदी सोपस्कार नव्हते.

पुढे यंत्रे बदलली. १९९२ साली डिजिटलने अल्फा हे नवे यंत्र काढले. त्याची यंत्रभाषा सर्वस्वी निराळी. व्हॅक्सची असेंब्लर भाषा त्याला कळण्याचे कारण नव्हते. तरी लोकांचे लक्षावधी ओळींचे काम त्याच भाषेत पडलेले. तेव्हा त्यांनी एक अजब गोष्ट केली. व्हॅक्सच्या असेंब्लरलाच फोर्ट्रानसारखी वरच्या दर्जाची भाषा मानून तिचा अनुवाद करणारा अनुवादक लिहिला. डिजिटल १९९८ मध्ये कॉम्पॅकने घेतली, कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीने. व्हीएमएस इटॅनियम यंत्रांवर गेले, आणि २०२२ मध्ये आपल्या साध्या संगणकांत असते त्या एक्स-८६ जातीच्या यंत्रांसाठीही त्याची आवृत्ती बाहेर पडली. दर वेळी तो अनुवादक बरोबर गेला.

या स्थलांतरांत कुणाचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. ज्यांनी हुशारी करून कारभाऱ्याच्या वहीतले खण मोजून ठेवले होते, त्यांचे कार्यक्रम पहिल्याच मुक्कामाला पडले. नव्या वाड्यात खोल्या निराळ्या, खण निराळे. ज्यांनी मॅक्रो वापरून दारात अर्ज दिला होता, त्यांना बहुतेक ठिकाणी नुसता नवा अनुवाद करून घ्यावा लागला. अर्जावरचे 'चल आण' आणि 'चल ठेव' हे शब्द व्हॅक्सवर होते तेच राहिले, आणि एकदा टाकलेले बरोबरीचे चिन्ह तिथे अजूनही त्या हुकूमनाम्यापुरतेच चालते.